अंड्यांचा प्रश्न

काल तुम्ही काय काय खाल्लंत, हे लोकांच्या घरी जाऊन विचारणं ही माझी नोकरी. देश काय खातो आणि त्याला काय कमी पडतं, याची ती मोठी पाहणी. माझ्या वाट्याला सदाशिव पेठेतल्या काही सोसायट्या आल्या होत्या. मापाच्या वाट्या-चमचे सॅकमध्ये घेऊन मी बेल वाजवण्याआधी पहिलं वाक्य पुटपुटायची. अनोळखी माणसांसमोर माझं इंग्रजी शाळेतलं मराठी अडखळतं.

एका घरातली सून समोर आली आणि मी तिला ओळखलं. आदल्या संध्याकाळी ती माझ्या खोलीजवळच्या गाडीवर, भिंतीकडे तोंड करून, उकडलेली अंडी खात होती. पोट चांगलंच दिसत होतं. तेव्हा आमची नजरानजर झाली होती. आता पुन्हा झाली, आणि तिने झटकन सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या.

आधी तिच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं. बरंच कमी होतं. मग चहा, पोळी, दुधीची भाजी, वरणभात. ती सांगत गेली, मी वाटी पुढे करून किती ते विचारत गेले. शेवटी एक यादी वाचून दाखवायची असते, त्यातलं काही गाळायचं नाही. अंडी बरीच खाली होती. मी डाळींवर रेंगाळले, पालेभाज्या एकेक करून विचारल्या. न विचारताच ‘नाही’वर खूण केली असती तर कोणाला कळलं असतं? पण तिने खाल्लेल्यातली तेवढीच तर अंगी लागणारी गोष्ट होती.

‘‘अंडी?’’

‘‘नाही.’’

‘‘हो लिहा,’’ सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. ‘‘घरात नको म्हटलं मी, खाऊ नको म्हटलं नाही. गाडीवर जातेस ते कळत नाही होय मला? किती खाल्लीस?’’

‘‘दोन.’’

‘‘दोनच?’’ म्हणत त्यांनी पुढची शेंग उचलली.

सून दारापर्यंत आली. आत ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, ‘‘तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?’’

मी नाही म्हणाले, पण इतक्या घाईने की माझं मलाच ते खोटं वाटलं. मग नियमाप्रमाणे आणखी एकदा यावं लागेल, एवढंच सांगितलं.

‘‘या की,’’ ती म्हणाली. ‘‘पण आदल्या दिवशी काय खाल्लं, ते मला आठवणार नाही.’’