सावकाश चालीचा पंखा

गेवराईजवळ गोदावरीवर वेगवान मोटारबोट चालवणारा तो माणूस मला एकदाच भेटला. पत्नीच्या अस्थींचा कलश मांडीवर घेऊन मी बोटीत बसलो, तरी तो इंजिन सुरू करीना.

"घाई हाय का काका?"

"नाही रे. घरी आता कोण आहे?"

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा काढू लागला.

"ह्यो पळायच्या हौशीचा. ह्या पंख्यावर हळू सोडली तरी बोट हिसका देती."

दुसरा पंखा बसवून त्याने तो आधी हाताने हलकेच फिरवून पाहिला. मग बोट निघाली, पण कलशावरचं फडकंही हललं नाही.

अस्थी सोडल्यावर मी म्हणालो, "आता पळव हवं तर."

"ह्यो पंखा पळतच न्हाई वो काका," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

तिच्यापासून इतकं सावकाश दूर येता आलं, ते त्याच्यामुळे.