कृष्णाबाई लावणीला गेली

संताप येतो, दुसरं काय! गडब गावात दहा वर्षं मी आशाताई म्हणून दारोदार फिरते, पण आमच्या कृष्णाबाईसारखी सरळ बाई दुसरी पाहिली नाही. एकटी, अर्धा एकर भात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जूनमध्ये तिच्या थुंकीत टीबी निघाला. मी म्हटलं, "घरी बस, गोळ्या घे, अंडी खा. खाण्यासाठी सरकार महिन्याला पाचशे देतं."

"देतील ना गो?"

"देतात म्हणजे! मी सांगते ना."

पैसे आलेच नाहीत. आधारकार्डावर तिचं माहेरचं नाव शांती, बँकेत सासरचं कृष्णाबाई. लग्नात आपल्याकडे बायकांची नावं बदलतात, हे बँकेतल्या साहेबाला माहीत नाही होय? पेणला चार खेपा घातल्या. दर वेळी तेच, "नाव जुळत नाही." मेल्याच्या बायकोचं तरी जुळतं का, विचारायला हवं होतं!

रिकाम्या पोटी गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून तिनं त्या सोडल्या. त्यात लावणी आली. आमच्याकडे लावणीला सावड असते, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. शेजारच्या मालूनं तिचं शेत लावून दिलं होतं, दोन दिवसांची फेड बाकी होती. हातात पाचशे असते तर तिनं मजुरी देऊन बदली बाई धाडली असती.

"नको जाऊ," मी ओरडले.

"मालूचं शेत तसंच ठेवू? मग तोंड कसं दाखवू गो?"

गेली. पाऊस कोसळत होता. दुपारी साऱ्या बायका खोपीत अंगाला अंग लावून जेवल्या, मालूशेजारी कृष्णाबाई खोकत होती. पुढे महिनाभर मालूच्याच घरात तिचं उठणं-बसणं.

दिवाळीत मालूला टीबी निघाला. आणि त्याच आठवड्यात, नाव कसं जुळलं देव जाणे, कृष्णाबाईच्या खात्यात साचलेले सगळे पैसे एकदम आले. ती डझनभर अंडी घेऊन माझ्या दारात उभी. "मालूला दे. मी कुठल्या तोंडानं जाऊ?" मला रडू आलं, रागानं.

पेणला आरोग्य खात्याच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब गरजले, "गडबात पेशंट वाढले कसे? आशा करतात काय?"

उठलेच मी. "साहेब, पाचशे रुपये वेळेवर आले असते, तर एकच पेशंट राहिला असता."

मग साहेब म्हणाले, "मालूचा पाचशेचा फॉर्म भरा."

भरला. तिचंही आधारकार्ड माहेरच्या नावाचंच आहे.