गंगावेशीतलं दूध

फौंड्रीत राबणाऱ्या अण्णासोंचा प्रसेनजीत दहावीला शाळेत पहिला आला होता. इंजिनिअरिंगला गेला आणि दोन वर्षांत पाच विषयांत नापास झाला. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. पोराच्या अंगात ताकदच न्हाय, असं अण्णासोंनी ठरवलं. रोज पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन ते त्याला कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर न्यायचे आणि समोर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचे.

सत्त्याण्णव साली सहावा विषयही गेला. अण्णासो दूधकट्ट्यावरच चारचौघांत गरजले, "एवढं दूध पिऊन बी डोकं चालंना व्हय रं?"

"अण्णा, वरीस झालं, मला कशाचीच चव लागंना," प्रसेनजीत म्हणाला. "तुमाला बरं वाटावं म्हणून पितोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच आधी उठून, चप्पल घालून दारात थांबला होता. किल्ली हातात असूनही अण्णासोंना सायकलीचं कुलूप काही काढवेना.