काठ्या तुमच्या, टोपी माझी

मी मुळातच भांडखोर. नाकावर राग घेऊन जन्माला आलेली पोर, असं आई म्हणायची, आणि लंडनच्या थंडीतही तो राग काही गारठला नाही. म्हणून आधीच सांगून टाकते, मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आज नाही, आणि उद्या कुणी खोदून खोदून विचारलं तरी नसेल.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर पुण्याच्या कंपनीनं मला दोन वर्षांसाठी हाउन्सलोच्या ऑफिसात पाठवलं होतं. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचं. स्वभावाला साजेसं. राहायला ईलिंगमध्ये एका मराठी काकूंकडे वरची खोली. काकू रिटायर्ड सर्जन. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत लोकांची पोटं उघडून परत शिवलेली बाई. काका गेलेले, मुलगा ग्लासगोला डॉक्टर. सकाळी आठच्या आत आवाज करायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

आणि नेमकी आवाजाचीच मला खोड. पुण्यात सात वर्षं मी ढोलपथकात वाजवलं होतं. कमरेला ढोल, एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला तळहाताची थाप. इथे आल्यावर हात नुसते शिवशिवायचे. ऑफिसात टेबलावर बोटं वाजवते म्हणून शेजारच्यानं दोनदा ‘प्लीज’ म्हणून झालं होतं. मग एका रविवारी सकाळी दूध आणायला निघाले, तर वाटेवरच्या शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमधून ड्रम ऐकू आले. दूध राहिलं बाजूला, मी सरळ आत.

आत चाललं होतं त्याला बँड म्हणायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं. ना ट्रम्पेट, ना बासरी. नुसते ड्रम अंगावर अडकवून, चालत, वळत, ठरलेल्या मिनिटांत अख्खा कार्यक्रम वाजवायचा आणि समोर परीक्षक बसलेले. हिवाळाभर स्पर्धा, शेवटी फायनल. त्यात बेस ड्रमची रांग पाच जणांची, लहान ड्रमपासून मोठ्यापर्यंत. एकच ओळ पाच जणांत वाटून दिलेली असते. आपला ठोका आला की मारायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, एकच माणूस धडधडत जिना उतरतोय. चार नंबरची जागा रिकामी होती. कोचनं तो ड्रम माझ्या खांद्यांवर चढवला, मी वाजवला, आणि तो म्हणाला, पुढच्या रविवारी नऊला ये.

माझ्या शेजारी पाच नंबर, सगळ्यांत मोठा ड्रम. तो वाजवणारा साठीला टेकलेला बसड्रायव्हर होता, बोलायला महाकंजूष. पथकाच्या सवयीनं मी पहिल्या ठोक्याआधी काठी कपाळाला लावायची. तीन रविवार तो नुसता बघत होता. चौथ्या रविवारी त्यानं विचारलं, हे काय? मी सांगितलं, ज्यानं वाजवायचं त्याला आधी नमस्कार. त्यानं मान हलवली आणि चहा प्यायला गेला.

पहिल्या वर्षी मी हंगामाच्या मध्यात घुसले होते, त्यामुळे फायनलला बाहेर बसावं लागलं. दुसऱ्या वर्षी मात्र जागा पक्की. आणि ती एकच संधी, कारण त्या उन्हाळ्यात प्रोजेक्ट संपणार, प्रोजेक्टबरोबर व्हिसा संपणार आणि मी परत पुण्याला. काकूंनी फायनलचं तिकीट काढून महिनाभर आधीच फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं.

आता काठ्यांचं सांगते. आमच्या टीमला काठ्या बनवणारी एक कंपनी स्पॉन्सर होती. स्नेअरच्या, म्हणजे छोट्या कडकडणाऱ्या ड्रमच्या काठ्या, आमच्या बेस ड्रमची गोल डोक्याची मॅलेट्स, ती ठेवायच्या पिशव्या, सगळं त्यांचं. बदल्यात दुसऱ्या कुणाची काठी हातात दिसता कामा नये, काठीवरचं नाव फोटोत बाहेरच्या बाजूला आलं पाहिजे, आणि आम्ही जाऊ तिथे त्यांचा बॅनर. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पुण्यात आमच्या पथकाच्या कुर्त्यांवर मागे एका सराफाचं नाव होतं. लक्ष्मी रोडभर ते नाव पाठीवर मिरवलंय मी. पाठीवर कुणाचंही नाव चालतं.

पण त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत आमच्या मॅलेट्सची डोकी झिजली. वरची फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, पिंजारली, आतलं कडक लाकूड वर आलं, ड्रम घुमायच्या ऐवजी टकटक बोलायला लागला. नवीन मॅलेट्स येताहेत, येताहेत, असं कोच दर रविवारी सांगायचा. पथकात टिपरू खराब झालं तर आपण काय करतो? तासतो, कापड गुंडाळतो, कामाला लागतो. कुणाला विचारत नाही. वस्तू हातात आहे म्हणजे तिची काळजी आपली. ही वस्तू दुसऱ्याच्या नावाची आहे, तिला सुई लावण्याआधी परवानगी लागते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मी दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून एक जुनी तपकिरी फेल्टची हॅट आणली. काकूंच्या किचन टेबलावर कापली. गरम पाण्यात भिजवून मॅलेटच्या डोक्यावर ताणली आणि शिवायला बसले, तर माझे टाके म्हणजे उंदरानं कुरतडल्यासारखे. काकूंना ते बघवेना. ‘सरक बाजूला,’ म्हणाल्या, चष्मा चढवला, आणि जाड दोऱ्यानं अशी गाठ घातली की मी दातांनी ओढूनही सुटली नाही. दोन्ही मॅलेट्स झाल्यावर त्यांनी सवयीनं मला सूचनाही दिल्या, चोवीस तास ओलं करायचं नाही म्हणून.

त्या रविवारी माझा ड्रम घुमला. सगळी रांग वळून बघायला लागली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन हॅट आल्या आणि पाचही जणांच्या मॅलेट्सना काकूंनी टोप्या चढवल्या. मार्चच्या स्पर्धेत परीक्षकानं टीमला द्यायच्या शेऱ्यांच्या टेपवर बोलून ठेवलं होतं की बेसचा असा उबदार आवाज त्यानं या वर्षी दुसरीकडे ऐकला नाही. कोचनं ती टेप आम्हाला तीन वेळा ऐकवली. मी काकूंना घरी जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, बरं झालं, पेशंट वाचला.

आणि फायनलच्या आदल्या रविवारी काठ्यांच्या कंपनीचा माणूस आला. फोटो काढायला, त्यांच्या नव्या कॅटलॉगसाठी. त्यानं माझं मॅलेट हातात घेतलं, टोपी बघितली, टाके बघितले आणि हसला. मला वाटलं आता ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, चालेल, लांबून काही कळत नाही. मग पिशवीतून कागद काढले, पाच जणांना पाच. वर आमचा फोटो येणार, खाली आमचं वाक्य. वाक्य आधीच छापलेलं होतं: हा आवाज मला याच कंपनीच्या मॅलेट्समधून मिळतो. आपण फक्त सही करायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, कुठला तुमचा आवाज? तुमच्या मॅलेट्समधून येत होती ती टकटक. हा आवाज चॅरिटी शॉपच्या हॅटचा आणि एका सर्जन बाईच्या गाठीचा. ते लिहा, दहा सह्या देते. हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं, इंग्रजीत जरा कमी खमंग झालं असेल. त्याचं हसू तसंच राहिलं. त्यानं कोचकडे बघितलं.

कोच मला कोपऱ्यात घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. पुढच्या वर्षी टीमला काठ्या मिळायच्या होत्या, आणि त्याचा स्वतःचाही फोटो त्या कॅटलॉगात यायचा होता. त्यानं आधी समजावलं, मग विनवलं, एका सहीनं काय जग बुडतंय म्हणाला. मी ऐकेना तेव्हा शेवटी बोलला. सही नसेल तर त्यांच्या काठीनं वाजवता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या काठीनं तर नाहीच. पुढच्या रविवारपर्यंत विचार कर.

‘मग हातानं वाजवते,’ मी म्हटलं.

ते करारात बसत नाही, म्हणाला.

बाकी चौघांनी तोवर सह्या केल्या होत्या. पाच नंबरनंही. माझ्याकडे न बघता त्यानं पेन खिशात ठेवलं. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? सगळ्यांत जास्त त्याचाच आला.

घरी जाऊन काकूंना सांगितलं. मला वाटलं होतं म्हणतील, कर गं सही, दोन वर्षं ज्याची वाट बघितली त्यावर पाणी सोडतेस का. परक्या देशात कशाला शहाणपणा. खरं सांगायचं तर तसं कुणीतरी म्हणावं, असंही कुठेतरी वाटत होतं. ती फायनल मला हवी होती. इतकी हवी होती की बसमध्ये मी दोनदा मनातल्या मनात सही करून आले होते. काकूंनी भाजी परतता परतता सगळं ऐकून घेतलं आणि गॅस बारीक केला.

‘मी उघडून न बघितलेल्या पोटाच्या कागदावर कधी सही केली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तू तर उघडून बघितलंयस.’

फायनलच्या सकाळी टीम निघण्याआधी शाळेच्या हॉलमध्ये जमली. मी गेले आणि कोचला नाही म्हणून सांगितलं. मग मॅलेट्स परत कर, तो म्हणाला. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले, पर्समधून छोटी कात्री काढली आणि टाके उसवायला लागले. काकूंची गाठ कसली सुटते. चांगली दहा मिनिटं लागली. हॉलमधल्या कुणीही तेवढा वेळ ड्रमला हात लावला नाही. टोप्या सोलून मी खिशात टाकल्या आणि ती दोन उघडी, पिंजारलेली मॅलेट्स, कंपनीचं नाव वर करून, त्याच्या हातात दिली.

‘काठ्या तुमच्या. टोपी माझी.’

बाकीच्या आठ मॅलेट्सनाही माझ्याच टोप्या होत्या. त्या मी मागितल्या नाहीत. माझं भांडण रांगेशी नव्हतं.

दुपारी फायनल होती. काकूंशेजारी दारावर मिळालेल्या तिकिटावर मी बसले. भिंतीतून ओढून काढायचे असतात तसल्या लाकडी बाकांवर. समोर कंपनीचा बॅनर, टोलेजंग. घरी का नाही बसलीस, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. का बसू? मी काय चोरी केली होती?

टीम आत आली. आदल्या दिवशीपर्यंत पाच जणांनी बसवलेली चाल एका सकाळीत बदलता येत नाही, त्यामुळे तीन आणि पाच नंबरच्या मधे माझ्या मापाची जागा रिकामी चालत होती. सगळ्या हॉलला दिसेल अशी. रांग थांबली. वाजवायला सुरुवात होण्याआधीच्या शांततेत पाच नंबरनं मॅलेट उचललं आणि कपाळाला लावलं. माझा राग तिथे निम्मा झाला. निम्माच.

मग बेसची पहिली ओळ आली. एक, दोन, तीन, आणि खड्डा, आणि पाच. जिन्याची एक पायरी गायब. काकूंनी माझा दंड धरला. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा मी उजवा तळहात उघडला आणि चौथा ठोका बाकावर मारला. पोकळ लाकूड, खणखणीत बोललं. पुढच्या रांगेतली माणसं वळली. पुन्हा ओळ आली, पुन्हा मारला. एकही चुकवला नाही. अख्ख्या कार्यक्रमातले माझ्या वाट्याचे सगळे ठोके, जिथे पडायचे तिथे.

एक स्वयंसेवक वाकून वाकून माझ्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, मॅडम, तुम्ही टीममध्ये नाही आहात, प्लीज थांबा. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेळच नव्हता. तीन नंबरचा ठोका पडला होता, पुढचा माझा होता.