तार सुटल्यानंतरचे दोन दिवस

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जी तक्रार पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ती आम्ही सरळ बंद करून टाकतो. भुताखेतांच्या गोष्टींचं मी आजवर तेच केलं. शिवाय आमच्या घरातले अंगारे-धुपारे आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला त्याच दिवशी संपले. तेव्हा हे वाचून मला कुणी बुवा-महाराजांचे पत्ते पाठवू नयेत. घडलं तेवढं सांगते.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. माझे वडील, अण्णा, कारखान्यात मेन्टेनन्स फिटर होते. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा डावा पाय सतत जळायचा. दोनशे पावलं चालले की फूटपाथवर बसायचे, आणि लोक पिऊन बसलाय समजून वळसा घालून जायचे. मला ते बघवत नसे. शेवटी डॉक्टरांनी मशीन सुचवलं... पाठीत मज्जारज्जूजवळ बारीक तार, कमरेला छोटा डबा, हातात रिमोट. तारेतून झिणझिण्या येतात आणि दुखणं दबतं. आधी सात दिवस ट्रायल. पाय निम्मा तरी शांत झाला, तर कायमचं बसवायचं.

सूचनांचा कागद मिळाला. वाकायचं नाही, कमरेत वळायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, अंघोळ नाही, गाडी चालवायची नाही, मॉलच्या मेटल डिटेक्टरमधून जाताना मशीन बंद. आणि काय जाणवलं ते वेळेसकट वहीत लिहायचं. त्याच दिवशी शेजारच्या कॉटवरच्या सुमनताईंनाही तसंच मशीन लावलं. लोणी काळभोरच्या, पन्नाशीच्या, शेती करणाऱ्या. "दादा, मला तर मुंग्या चालल्यागत वाटतंय," असं अण्णांना सांगत होत्या. ओळख तेवढीच.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी मी येरवड्याहून ऑफिस करून आले, तर सिंकखालचा गळका पाइप दुरुस्त झालेला, आणि अण्णांच्या कमरेच्या डब्याला दोऱ्याने पुठ्ठा बांधलेला — 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' कारखान्यातली जन्माची सवय. मशीन बंद करा, पाटी लावा, मग खुशाल हात घाला.

"अण्णा, वाकायचं नाही असं लिहिलंय ना?"

"वाचता येतं मला. बंद केलं होतं की."

"अहो, ते करंटसाठी नाही. तार सरकते म्हणून."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. "पाठीत जरा ओढल्यासारखं झालं खरं," म्हणाले. मशीन चालू केलं, पण काहीच नाही. पाय जळायला लागला. फोनवर टेक्निशियन म्हणाला, सेल काढून ठेवा, पट्टीला हात लावू नका, सातव्या दिवशी बघू. मला रडूच आलं. एका गळक्या पाइपापायी सगळं मुसळ केरात.

पाचव्या दिवशी सकाळी अण्णा स्वयंपाकघरात आले. "झिणझिण्या आल्यात."

सेल माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मनाचे खेळ, म्हटलं. अण्णा मात्र नेमाने लिहीत राहिले. ६.३५ वाढलं. ७.२० कमी झालं. ११.१० पुन्हा वाढलं. आणि चालून आले... आळंदी रोडपर्यंत, कुठेही न बसता.

सातव्या दिवशी पट्टी काढली. तार अख्खी बाहेर येऊन पट्टीखाली पडली होती. जखमही लाल झालेली, म्हणजे दुसरी ट्रायल इतक्यात नाही. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेनेही बरं वाटतं. अण्णांनी स्वतःच सांगितलं, "साहेब, तार सुटल्यानंतरचं धरू नका."

बाहेर सुमनताई वही घेऊन बसल्या होत्या. सहज चाळायला मागितली. पाचवा दिवस. ६.३५ वाढवलं. ७.२० कमी केलं. ११.१० वाढवलं. मी दोन्ही वह्या मांडीवर घेतल्या आणि पाचव्या-सहाव्या दिवसाच्या नोंदी बोट ठेवून ताडल्या. एका मिनिटाचा फरक नाही.

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. थोड्या वेळाने अण्णांनी एकदम गुडघा धरला. "गेलं," म्हणाले. दोनच मिनिटांत सुमनताई बाहेर आल्या. "काढलं बघा माझं."

मी त्यांचा नंबर घेतला. का, ते सांगायचा धीर झाला नाही.

नंतरचे तीन महिने अण्णा खुर्चीतच होते. मग एका सकाळी मी ऑफिसचा जेवणाचा डबा भरत असताना ते उभे राहिले. "सुमनताईंचं बसवलं वाटतं."

मी फोन केला. "व्हय, कायमचं बसवलं. आजच चालू केलंय. तुला कुणी सांगितलं गं?"

मग सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा फिरायला किती वाजता जात्यात?"

"साडेसहाला जायचे."

याला आता दोन वर्षं झाली. अण्णा रोज चालतात. सुमनताईंची वही मागून घेऊन डॉक्टरांना दोन्ही वह्या दाखवल्या, त्यांनी परत दिल्या. मागच्या आठवड्यात सुमनताईंना तब्येत विचारायला फोन केला. म्हणाल्या, "बरी हाय. आता सकाळच्याला मला काय दुखत न्हाय. पर साडेसहाला लावते. दादा निघालं आसत्याल."