कोणती सुकी?

माझं माहेर पहूरजवळ. गावाच्या कडेनं सुकी नदी जाते. नदी म्हणायची एवढंच. पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले तर तिच्या पात्रातूनच बैलगाड्यांची वाट असते. धाकट्या बहिणीला शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी दिली. तिथल्या नदीचं नावही सुकीच निघालं. आईला हा चांगला शकुन वाटला. लेकीला परकं वाटणार नाही म्हणाली. तहानेल्या बाईला पाणी नाकारलं म्हणून आमच्या नदीला शाप लागला, अशी आईची गोष्ट. ती तिनं व्याह्यांना सांगितली, तर ते हसले, नाव नुसतं कोरडेपणावरून पडलंय म्हणाले. "शाप कसाना? कोरडी ऱ्हास म्हनीसन सुकी."

गेल्या पावसाळ्यात आई माझ्याकडे देवपूरला होती. दुपारी मोबाइलवर मेसेज आला. सुकीला अचानक पूर आला, चारा घेऊन परतणारी बाई वाहून गेली. गावाचं नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडे तर लख्ख ऊन पडलेलं.

"कोन्ती सुकी ते तर पाहाय," आई म्हणाली.

भावाला फोन लावला. आपली सुकी कोरडीच आहे, म्हणाला. बहिणीचा फोन लागेना, मेहुण्यांचाही नाही. बहिणीचं शेत नदीपलीकडे, आणि दुपारी चारा आणायला तीच जाते. आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. नदीचं नाव ऐकून आपण भुललो, असं ती पुटपुटली. मी पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले.

दिवेलागणीला बहिणीचाच फोन आला. डोंगरात पाऊस झाला होता, पाणी त्यांच्याकडेही आलं. ओसरेपर्यंत ती शेतातच अडकली होती. वाहून गेलेली बाई रावेरकडची होती. तिकडेही एक सुकी आहे. सुटलो बाई, मी म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. "ते बी कोनाची लेकच होती ना," एवढंच बोलून ती आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही बहिणीकडे गेलो. पात्र पुन्हा कोरडं पडलं होतं. डोंगरावर ढग दिसले तर नदीत उतरू नकोस, असं आईनं तिला परोपरीनं विनवलं. पण शेताला दुसरी वाटच नव्हती. बहिणीनं डोक्यावर चुंबळ ठेवली.

"वावर तथाच शे ना, माय. मंग जाऊ कथाईन?"

ती वाळूतून पलीकडे पोहोचेपर्यंत आई डोंगराकडे बघत काठावर उभी राहिली.