नलूताईंची स्कूटर

सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात खाली स्कूटर सुरू झाली. समोरच्या इमारतीतल्या नलूताई होत्या. साठी उलटल्यावर त्या गाडी शिकायला लागल्या होत्या. मागच्याच आठवड्यात पार्किंगच्या खांबाला धडकून पडल्या, तेव्हा परगावच्या मुलाने फोनवरून बजावलं होतं, "आई, आता पुरे. रिक्षाने जात जा."

आज मात्र त्या आवारात एक फेरी मारून सरळ फाटकाकडे निघाल्या.

"नलूताई, बाहेर ट्रॅफिक आहे हो!" तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं.

"असू दे की!" म्हणत त्या बाहेर पडल्यासुद्धा.

उपनगरातल्या इमारती तशा एकमेकींना खेटूनच उभ्या असतात. समोरच्या घरात आज कसली फोडणी पडली तेही आपल्याला कळतं, पण त्या घरातल्या माणसांशी बोलायचं वर्षानुवर्षं राहून जातं. त्या सकाळी गॅलऱ्या भरून गेल्या. नावही ठाऊक नसलेली माणसं एकमेकांना विचारत होती, "दिसतात का?" "अजून नाही." माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच ठिबकत राहिला.

मग कोपऱ्यावर हॉर्न वाजला आणि नलूताई ताठ पाठीने, रुबाबात वळून आत आल्या. दोन्ही इमारतींतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कुठे जाऊन आलात?" मी वरून विचारलं.

हेल्मेट काढून त्या घामेजल्या चेहऱ्याने हसल्या. "कुठेच नाही गं. नुसतीच जाऊन आले!"